नदीची गोष्ट सांगायची तर स्वतःची सांगा

मी आठ-नऊ वर्षांची असेन तेव्हाची गोष्ट. नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून दगड उलटे करायचा आम्हा भावंडांना नादच लागला होता, जिथं पाणी उथळ असतं आणि गोट्यांवरून खळखळत जातं ना, तिथं. दगड उचलायचा, पालथा करायचा, खाली काय चिकटलंय ते बघायचं आणि होता तसा परत ठेवायचा. परत ठेवायचाच, असा आत्याचा दम होता, "छप्पर आहे ते त्यांचं, काढलंस तर घालायचं कुणी" म्हणायची. तर त्या दगडांच्या खालच्या अंगाला वाळूची बारीक नळकांडी चिकटलेली असायची. बोटाच्या एका पेराएवढी लांब, काडीपेक्षा जरा जाड. वाळूचा एकेक कण शेजारच्या कणाला असा बसवलेला की नखानं टोकरलं तरी सुटायचा नाही, आणि मधेच कुठंतरी अभ्रकाचा एक चमचमणारा कण. हात पाण्यात ठेवून जरा दम धरला की एका टोकातून आधी काळसर डोकं यायचं, मग पाय, आणि ते सगळं नळकांडं पाठीमागं ओढत तो जीव तळहातावर चालायला लागायचा. गुदगुल्या व्हायच्या खूप.

तो किडा कोण हे कळायला मला पुढं पंचवीसेक वर्षं लागली. नदीच्या पाण्याची तपासणी कशी करतात याचं एक छोटं शिबिर होतं, तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी स्क्रीनवर फोटो लावला आणि मी जागेवरून जवळजवळ उठलेच. कॅडिसफ्लाय म्हणतात त्याला. मोठा झाला की पतंगासारखा दिसतो, पण आयुष्याचा मोठा भाग तो अळीच्या रूपात पाण्याखाली काढतो, तोंडातून रेशमासारखा चिकट धागा काढतो आणि त्यानं वाळूचे कण, काड्या, पानांचे तुकडे जोडून स्वतःभोवती घर बांधतो. आणि बाई पुढं जे म्हणाल्या ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही, की या गटातल्या बहुतेक जातींना पाण्यात विरघळलेला भरपूर ऑक्सिजन लागतो, घाण पाण्यात त्या टिकत नाहीत, त्यामुळं जगभरात नदी किती निरोगी आहे हे बघायला दगड उलटून हेच किडे मोजतात. कॅडिसफ्लाय, मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय, हे तिघं दिसले की पाणी चांगलं.

म्हणजे मी आठ वर्षांची असताना जे बघत होते ते त्या नदीचं आरोग्य होतं. कुठल्याही कागदावर त्याची नोंद नाही. त्या पट्ट्यात त्या काळी कुणी पाण्याचे नमुने घेतले असतील असं मला तरी कुठं सापडलं नाही. नोंद होती ती आमच्या चार-पाच भावंडांच्या डोक्यात, आणि आम्ही ती कुणाला सांगितली नव्हती कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

आज हे लिहायला बसले त्याचं कारण हेच आहे. नदी वाचवायची म्हटलं की आपण आकडे शोधायला लागतो, पोस्टर करतो, घोषणा करतो, आणि आपल्याजवळ जे असतं, जे दुसऱ्या कुणाजवळच नसतं, ते बाजूला ठेवून देतो.

मी पण तेच करत होते बरं का. शिबिराहून आले, उत्साह होता, दोन-तीन ठिकाणी बोलायला बोलावलं तिथं मी स्लाइडा घेऊन गेले. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप, विरघळलेला ऑक्सिजन किती हवा, जगात 1,000 किलोमीटरपेक्षा लांब नद्यांपैकी फक्त 37 टक्केच उगमापासून मुखापर्यंत मोकळ्या वाहतात, गोड्या पाण्यातल्या प्राण्यांच्या ज्या संख्यांवर नजर ठेवली जाते त्या 1970 पासून 2020 पर्यंत सरासरी 85 टक्क्यांनी घटल्या, सगळं खरं, सगळं महत्त्वाचं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. मला वाटलं लोकांना काही पडलेलं नाही. तेव्हा मी लोकांवर चिडले होते, ते चुकीचं होतं हे आता कळतं.

अशाच एका कार्यक्रमानंतर एक मुलगा मागं थांबला, सहावी-सातवीतला असेल. सगळे गेल्यावर हळूच म्हणाला, "ताई, पण त्यात मासे होते का कधी?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो नदीपासून चालत पाच मिनिटांवर राहतो. त्यानं नदी बघितली ती काळी, फेसाळलेली आणि जलपर्णीनं झाकलेलीच बघितली, त्याच्या लेखी नदी म्हणजे ते. काही बिघडलंय हे त्याला कसं कळणार, त्यानं बिघडायच्या आधीचं काही बघितलंच नाही. माझे सगळे आकडे "घट" सांगत होते आणि कशापासून घट हे त्याच्यापुढं मी ठेवलंच नव्हतं.

याला शास्त्रात नाव आहे, शिफ्टिंग बेसलाइन, म्हणजे सरकती मूळरेषा. डॅनियल पॉली नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञानं 1995 मध्ये हे मांडलं, समुद्रातल्या माशांच्या संदर्भात, की शास्त्रज्ञांची प्रत्येक पिढी आपण कामाला लागलो तेव्हा जे होतं तेच मूळ असं धरून चालते आणि तिथून पुढचं नुकसान तेवढं मोजते, त्याच्या आधीचं हिशेबात येतच नाही. मोजपट्टीचा शून्यच दर पिढीला खाली सरकतो. त्यानं त्या छोट्याशा लेखात असंही सुचवलं होतं की जुन्या लोकांचे किस्से, आठवणी या शास्त्रज्ञांनी बाजूला न टाकता पुरावा म्हणून वापरायला शिकलं पाहिजे. मला हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं, म्हणजे आपण जे नुसतं हळवेपण समजत होतो त्याला काम आहे.

त्या मुलाला मी मग तिथंच पायरीवर बसून नळकांड्यांची गोष्ट सांगितली. खेकडे कुठं असायचे, कुठल्या दगडामागं पाणी थंडगार लागायचं, पोटरीला मासे कसे टोचायचे. त्यानं तीनदा विचारलं, "इथंच? याच नदीत?" दुसऱ्या आठवड्यात तो त्याच्या आजोबांना घेऊन आला, आणि आजोबांकडे जे होतं ते माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होतं.

दगड जो पाण्याखाली होता

आठवणीत किती ताकद असते याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण एल्वा नदीचं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, ऑलिंपिक पर्वतातून समुद्राकडे जाणारी नदी. तिच्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन धरणं झाली, एक 1913 मध्ये आणि वरचं 1927 मध्ये. साल्मन मासे समुद्रातून वर अंडी घालायला येतात, त्यांची वाट खालच्या धरणानंच बंद केली, आणि नदीकाठच्या क्लालम लोकांची एक अतिशय पवित्र जागा, जिथं आपली निर्मिती झाली असं ते मानतात तो खडक, पाण्याखाली गेला. आता विचार करा, पाण्याखाली गेलेला खडक कोण बघणार? पण घराघरात म्हातारी माणसं सांगत राहिली, तो कुठं आहे, कसा दिसतो, त्यात खळगे आहेत. बघितलेले लोक वारले, ज्यांनी ऐकलं होतं त्यांनी पुढं सांगितलं. जवळजवळ शंभर वर्षं.

मग धरणं काढायचा निर्णय झाला, 2011 ते 2014 या काळात दोन्ही पाडली. पाणी ओसरल्यावर 2012 मध्ये क्लालम लोक तिथं गेले आणि तो खडक सापडला, ऐकलेल्या वर्णनासारखा. साल्मन पण जुन्या धरणांच्या वर पोहोचले. धरण काढलं ते अर्थात फक्त गोष्टींमुळं नाही, मासे धरायचे हक्क होते, संसदेत 1992 मध्ये झालेला कायदा होता, कितीतरी वर्षांची भांडणं होती. पण मला नेहमी वाटतं, की ज्यांच्या घरात तो खडक जिवंत होता तेच एवढी वर्षं भांडू शकले. ज्याला काय गेलंय हे माहीत नाही तो कशासाठी भांडेल?

दुसरं न्यूझीलंडच्या वांगानुई नदीचं. तिथल्या कायद्यानं 2017 मध्ये नदीला व्यक्ती म्हणून मान्यता दिली ही बातमी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलेली असते, पण त्याच्या आधी काय झालं ते फार कमी वाचलं जातं. तिथल्या माओरी लोकांचं नदीवरच्या हक्काचं भांडण शंभर वर्षांहून जास्त चाललं होतं. 1990 च्या दशकात न्यायाधिकरणापुढं सुनावणी झाली तेव्हा वयस्कर माणसं येऊन बोलली, नदीबरोबरचं स्वतःचं जगणं सांगितलं. वाम मासे धरायला नदीत लाकडी बांध असायचे, कुठला बांध कुठल्या घराण्याचा हे सगळ्यांना माहीत, पुढं आगबोटींना वाट करून द्यायला ते बांध मोडले. वरच्या अंगाला वीजप्रकल्पासाठी नदीचं पाणी वळवलं. हे सगळं साक्ष म्हणून नोंदवलं गेलं आणि 1999 मध्ये त्यावर मोठा अहवाल आला. त्यांची एक म्हण आहे, मी म्हणजे नदी आणि नदी म्हणजे मी. कायद्याच्या भाषेत नदीला व्यक्ती म्हणणं आपल्याला नवीन वाटतं, त्या लोकांनी फक्त घरात जे बोलत होते तेच कायद्याला बोलायला लावलं.

खरं सांगा, तंतोतंत सांगा

आता एक काळजीची गोष्ट, आणि यावर मी जरा अडून बसते. गोष्ट सांगायची म्हणजे तिखटमीठ लावायचं नाही.

कायहोगा नदीचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातून जाणारी नदी, 22 जून 1969 ला तिच्यावरच्या तेलाच्या तवंगाला आग लागली. जगात प्रसिद्ध झालेली आग ती. पण खरं म्हणजे ती अर्ध्या तासात विझली होती, आणि त्या नदीला आग लागायची ती काही पहिली वेळ नव्हती, 1868 पासून डझनभर वेळा तरी ती पेटली होती! आधीच्या काही आगी कितीतरी मोठ्या होत्या. तेव्हा कुणाला फार काही वाटलं नाही, कारखाने म्हटलं की असं व्हायचंच असं लोक धरून चालले होते. 1969 मध्ये वेगळं काय झालं तर शहराचे महापौर कार्ल स्टोक्स दुसऱ्या दिवशी पत्रकारांना घेऊन थेट नदीवर गेले, इथं आग लागली, इथून घाण येते, असं जागेवर उभं राहून दाखवलं. पुढं देशभरात लाट आली, 1972 चा स्वच्छ पाण्याचा कायदा आला, त्यामागं या नदीचंही नाव घेतात.

पण याच गोष्टीत एक खोट आहे. त्या वेळी एका मोठ्या साप्ताहिकात आगीचा जो फोटो छापून आला तो 1969 चा नव्हताच, 1952 च्या आगीचा होता. आजही लोक तोच फोटो 1969 चा म्हणून फिरवतात. मला हे कळलं तेव्हा वाईट वाटलं, कारण खरी गोष्ट काही कमी भयंकर नव्हती, उलट नदी इतक्या वेळा जळली की शेवटच्या आगीचा धड फोटोही कुणी काढला नाही, हे जास्त भयंकर आहे.

म्हणून माझा स्वतःपुरता नियम असा, जे मी बघितलं ते "मी बघितलं", जे ऐकलं ते "अमक्यांकडून ऐकलं", आणि साल आठवत नसेल तर "मी चौथीत होते तेव्हा" किंवा "धाकटी झाली त्या वर्षी". अशा घरगुती खुणांवरून साल नक्की काढता येतं, दोघा-तिघांच्या खुणा जुळल्या की तर पक्कंच. मेलेले मासे पन्नास बघितले असतील तर पन्नासच सांगायचे. एकदा का कुणी तुमचा एक आकडा खोटा पाडला की त्याच्याबरोबर तुमची खरी गोष्ट पण जाते, आणि ज्यांना नदी साफ करायची नसते ते नेमके त्याचीच वाट बघत असतात.

विचारायचं कसं

त्या मुलाच्या आजोबांपासून मी लोकांच्या नदीच्या आठवणी लिहून घ्यायला लागले. सुरुवातीला मी विचारायची, "तुम्हाला नदीबद्दल काय वाटतं?" या प्रश्नाला सगळे सारखंच उत्तर देतात, नदी म्हणजे जीवन, नदी आई आहे, पुढची पिढी वगैरे. मनापासून देतात, पण त्यात त्यांची नदी नसते. मग मी प्रश्न बदलले. पोहायला कुणी शिकवलं? पहिल्यांदा नाकातोंडात पाणी गेलं तेव्हा चव कशी होती? पाणी कुठल्या पायरीपर्यंत यायचं? रात्री नदीचा आवाज घरात यायचा का, आणि कधी बंद झाला? शेवटचं तुम्ही पाण्यात कधी उतरलात, आणि का उतरायचं थांबलात?

हा शेवटचा प्रश्न विचारला की लोक गप्प होतात. मग बोलतात, आणि खूप बोलतात. "का थांबलात" याचं उत्तर जवळजवळ कुणीच आधी दिलेलं नसतं, स्वतःलासुद्धा.

एका मासे धरणाऱ्या काकांनी मला सांगितलं की त्यांना नदी बिघडल्याचं सगळ्यात आधी पहाटे कळलं. दिवसा सगळं नेहमीसारखं दिसायचं, पण पहाटे जाळं घेऊन गेलं की मासे वर येऊन तोंडं उघडून धापा टाकत असायचे, हातानं धरता येत होते. पहिले दोन दिवस सगळे खूश झाले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या वडिलांनी जाळं गुंडाळलं आणि म्हणाले, हे मासे आपल्याला सापडत नाहीयेत, पळून येतायत.

मी घरी येऊन हे ताडून बघितलं तर शब्द न् शब्द बरोबर. सांडपाणी नदीत आलं की त्यातली घाण जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात थोडा ऑक्सिजन तयार करतात म्हणून निभावतं, रात्री ते बंद होतं पण श्वास घेणं सगळ्यांचंच चालू राहतं, त्यामुळं पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी. नमुना दुपारी अकरा-बाराला घेतला तर हे दिसेलच असं नाही. त्या काकांच्या वडिलांनी कुठलंही यंत्र न वापरता पहाटेची तपासणी करून ठेवली होती. माझ्या नळकांड्यांसारखीच. मी आता बोलायला गेले की बीओडी सांगते, पण या काकांच्या पहाटेतून सांगते आणि कुणाला परत समजवावं लागत नाही.

अजून एक गोष्ट सांगते, ती सांगू का नको असा बराच विचार केला. एक निवृत्त गृहस्थ होते, एका कारखान्यात आयुष्य गेलेलं. दोन वेळा ते नुसते येऊन बसले, काही बोलले नाहीत. तिसऱ्या वेळी म्हणाले, माझी गोष्ट चांगली नाही, चालेल का? पावसाची मोठी सर आली की रात्री टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा असा तोंडी हुकूम होता, पावसाच्या पाण्यात सगळं मिसळून जातं, सकाळी काही दिसत नाही. तो व्हॉल्व्ह कितीतरी वर्षं त्यांच्या हातानं उघडला. "चाक फिरवताना गार लागायचं, ते हाताला अजून लागतं," एवढंच म्हणाले. मी त्यांचं नाव कुठं लिहिलेलं नाही आणि लिहिणार पण नाही. पण त्यांच्यामुळं आम्हाला हे कळलं की नमुना कधी घ्यायला पाहिजे, पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री. नदीबद्दल ज्यांना अपराधी वाटतं त्यांच्या गोष्टी सगळ्यात जास्त कामाच्या असतात असं माझं मत झालंय, आणि त्यांना बोलायला जागा मिळत नाही कारण आपण आधीच बोट दाखवून बसलेलो असतो.

माझ्यावरसुद्धा आहे तसं ओझं. कॉलेजात असताना पुलावरून रोज जायचे, पाण्याचा रंग बदललेला दिसायचा, कधी तांबूस, कधी दुधासारखा पांढुरका, वास यायचा म्हणून ओढणी नाकाला लावायचे आणि पुढं जायचे. चार वर्षं. कुणाला विचारलं नाही, कुठं सांगितलं नाही, एक ओळ लिहून ठेवली नाही. आज ती तारीखवार नोंद असती तर किती उपयोग झाला असता. हे मी प्रत्येक ठिकाणी सांगते, मग समोरचे पण सांगायला लागतात.

आणि परवानगी. कुणाची आठवण पुढं सांगायची तर त्यांना विचारून, लिहिलेलं वाचून दाखवून. नदीकाठी राहणाऱ्यांना, मासे धरणाऱ्यांना, वाळूत राबणाऱ्यांना बोलण्याची किंमत मोजावी लागू शकते. होंडुरासमध्ये बेर्ता कासेरेस या लेन्का आदिवासी समाजातल्या बाईंनी ग्वालकार्के नदीवरच्या धरणाला विरोध केला, 2015 मध्ये त्यांना पर्यावरणाच्या कामासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला, जगानं त्यांचं ऐकलं, आणि मार्च 2016 मध्ये त्यांच्या घरात शिरून त्यांना मारलं. तेव्हा दुसऱ्याला "बोला हो, घाबरताय काय" असं म्हणायचा आपल्याला काही अधिकार नाही. नाव नको म्हणाले तर नाव नको, गाव नको म्हणाले तर गाव नको.

नुसतं रडगाणं नको

एक चूक मी बरीच वर्षं केली, ती म्हणजे सगळ्या गोष्टी "गेलं ते गेलं" अशा सुरात सांगायची. ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यायचं आणि तो हात झटकून मोकळा व्हायचा, आता काय उपयोग म्हणून. विशेषतः मुलांना असं सांगणं मला आता अन्यायाचं वाटतं, आपण मजा केली आणि त्यांना फक्त दुःख द्यायचं.

म्हणून मी परत आलेल्या नद्यांच्या गोष्टी मुद्दाम शोधते. थेम्स नदी लंडनमध्ये 1957 साली मृत म्हणून जाहीर केली होती, त्याच नदीत आज शंभराहून जास्त जातींचे मासे आहेत, सील येतात. राइन नदीत 1 नोव्हेंबर 1986 ला बाझेलजवळ एका रसायनांच्या गोदामाला आग लागली, आग विझवायचं पाणी कीटकनाशकं घेऊन नदीत गेलं, पाणी लाल झालं, वाम मासे लाखाच्या वर मेले. त्यानंतर काठच्या देशांनी 1987 मध्ये जो कार्यक्रम आखला त्याचं उद्दिष्ट बघा किती सुंदर ठेवलं होतं, 2000 सालापर्यंत साल्मन राइनमध्ये परत आला पाहिजे. अमुक रसायन अमुक टक्के कमी हे पण त्यात होतं, पण लोकांपुढं ठेवला तो मासा. मासा परत आला का हे कुणालाही विचारता येतं, लहान मुलाला पण! आणि साल्मन आले, थोडे आले, अजून धडपड चालू आहे, पण आले.

आपल्याकडची अरवरी घ्या, राजस्थानात अलवरकडची. राजेंद्र सिंह 1980 च्या दशकात तिकडं गेले ते औषधपाणी आणि शिक्षणाचं काम डोक्यात घेऊन, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या माणसानं त्यांना सांगितलं की आम्हाला ते नको, पाणी पाहिजे, जोहड खोदा. जोहड म्हणजे पावसाचं पाणी अडवून मुरवणारे मातीचे बांध, तिथल्या जुन्या लोकांच्या आठवणीत होते, वापरातून गेले होते. त्यांनी ऐकलं आणि खोदायला लागले. गावोगावी शेकडो बांध झाले, भूजल वर आलं, आणि कोरडी पडलेली अरवरी परत बारमाही वाहायला लागली, पुढं सत्तरेक गावांनी मिळून नदीची संसद केली. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय आवडतं तर ती सुरू होते कुणीतरी म्हाताऱ्या माणसाचं ऐकण्यापासून.

आणि मग पुढं काय

गोष्ट ऐकून लोक विचारतात, मग आम्ही काय करू? त्या क्षणी हातात द्यायला काहीतरी पाहिजे, छोटं चालेल. मी एक वही ठेवते. तारीख, जागा, पाण्याचा रंग, वास, पाणी कुठपर्यंत, काय दिसलं. फोटो काढायचा तर त्याच जागेवरून, त्याच बाजूला तोंड करून, दर महिन्याला. आठवण सांगणाऱ्याला शक्य असेल तर त्याच जागी नेऊन उभं करायचं, हे फार महत्त्वाचं आहे, घरात बसून "खूप पाणी असायचं" म्हणणारा माणूस नदीवर गेला की नेमका दगड दाखवतो, इथपर्यंत. तिथं खूण करायची. ती खूण आणि वहीतली पानं घेऊन तक्रार केली की ती तक्रार वेगळी दिसते, माझा अनुभव आहे.

1960 च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशुआ नदीसाठी मॅरियन स्टॉडार्ट या बाईंनी हेच केलं होतं एका अर्थानं. कागदकारखान्यांच्या रंगामुळं ती नदी कधी लाल कधी हिरवी वाहायची. त्या घर सांभाळणाऱ्या बाई, त्यांनी शेजारी-पाजारी, कामगार, अधिकारी सगळ्यांना जोडलं, आणि राज्याच्या गव्हर्नरांना नदीचं घाण पाणी बाटलीत भरून नेऊन दिलं. भाषण विसरता येतं, टेबलावरची बाटली रोज दिसते. नदी पुढं साफ झाली.

निमित्त हवं असेल तर 14 मार्च आहे, नद्यांसाठीचा कृतिदिन, 1997 मध्ये ब्राझीलच्या कुरितिबा शहरात धरणग्रस्तांच्या परिषदेत ठरलेला. आणि सप्टेंबरचा चौथा रविवार जागतिक नदी दिवस, 2005 पासून. पण खरं सांगू का, तारखेची वाट बघू नका, आजी-आजोबा वाट बघत नाहीत. माझ्या वहीत ज्यांची पानं आहेत त्यातले सहा जण आता नाहीत. आत्यापण नाही. तिला विचारायचं राहून गेलं की दगड परत ठेवायचा हे तिला कुणी शिकवलं.

मागच्या महिन्यात तो मुलगा, आता अकरावीला आहे, आणि मी नदीच्या वरच्या अंगाला गेलो होतो, शहर लागायच्या बरंच आधी, जिथं अजून कुठला नाला मिळत नाही. तासभर दगड उलटले. शेवाळ, गोगलगायी, गाळ. मग तो ओरडला. त्याच्या हातातल्या दगडाला खालून तीन नळकांडी चिकटलेली होती, त्यातलं एक रिकामं, दोन भरलेली. आम्ही दोघं हात पाण्यात ठेवून उभे राहिलो, पाय बधिर झाले, आणि बऱ्याच वेळानं एका टोकातून काळं डोकं बाहेर आलं. त्यानं फोटो काढला, वहीत वेळ लिहिली, 9 वाजून 40 मिनिटं, पाणी पोटरीपर्यंत, स्वच्छ, वास नाही. मग दगड होता तसा, त्याच बाजूनं, परत ठेवला.